बारा दाढ्या

"वस्तूचं नाव?" मी दातांच्या फटीतून विचारलं.

ओठांत पाच टाचण्या होत्या, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला होता, आणि समोर सातवीतली एक मुलगी मावळ्याच्या अंगरख्यात दोन्ही हात पसरून उभी होती. अंगरखा तिला चांगला वीतभर ढगळ. मी तो दोन्ही कुशींतून आत घेत होते.

"दाढ्या," पलीकडून अलका म्हणाली. "बारा दाढ्या. पांढऱ्या. आकडा आला का?"

"बारा? कशाला गं एवढ्या?"

"त्या नाटकात ऋषी किती हायत म्हाईत हाय का तुला? यज्ञच हाय मोठा. आला का न्हाई?"

फोन थरथरला, बँकेचा मेसेज होता. मी तो समोर धरला, टाचण्या सावरत सहा आकडे वाचून दाखवले आणि परत कुशीकडे वळले. तोंडात टाचण्या धरून 'पाच' म्हणणं मोठं अवघड. माझा उच्चार ऐकून पोरगी खुदकन हसली.

"झालं बघ," अलका म्हणाली. "चहा घेतलास का?"

"न्हाई अजून."

"घे की बाई. उपाशीपोटी राबतीस आन् मग डोकं धरून बसतीस."

मी चहा मागवला. अलकानं आठवण करून दिली नसती तर त्या दिवशी खरंच राहिला असता.

विट्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा होता, नंदा-अलका ड्रेपरी. नंदा मी, अलका ती. शाळांची गॅदरिंगं, गणपतीतली नाटकं, हलते देखावे, यांना लागणारे कपडे आम्ही भाड्यानं द्यायचो. मावळे, कोळणी, परी, वाघ, पुढारी, काय पाहिजे ते. सबंध दुकानाला डांबरगोळ्यांचा वास. शिवण अलकाची, मापं आणि गिऱ्हाईक माझं. ती मशीनवर बसली की मान वर करायची नाही, आणि मी बोलायला लागले की थांबायची नाही. आठ वर्षं आमचं असं बेताचं जमलं होतं. गल्लीतले लोक आम्हाला जावा समजायचे.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तिकडं तमिळनाडूत सेलमला. आमच्या भागातले निम्मे गडी असेच बाहेर असतात, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात. कोण मदुराईत, कोण कानपुरात. वर्षाकाठी पंधरा दिवस घरी येतात, जत्रा करतात, जातात. त्यामुळे मला माणूस असं अलकाच होतं. मला टायफॉईड झाला तेव्हा अठरा दिवस तिनं डबा दिला. तिच्या सासूच्या तेराव्याच्या पंगतीला मी वाढत होते, घरच्या बायका बसून होत्या.

दाढ्या, टोप, मुकुट हा माल विट्यात मिळत नाही. पूर्वी त्यासाठी पुण्याला जावं लागायचं. मग फोन आले आणि घरबसल्या मागवायची सोय झाली. पहिल्याच खेपेला मी तोंडावर आपटले. एका माणसानं मुकुटांचे फोटो पाठवले, झगमगीत, डोळे दिपतील असे. ताई ताई करत गोड बोलला. मी फोनवरनं सगळे पैसे आगाऊ धाडले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. दुसऱ्या खेपेला शहाणपणा करून माल दारात आल्यावर पैसे द्यायचे ठरवलं. पार्सलवाला म्हणाला, आधी पैसे, मग उघडा. उघडलं तर मोरपिसांच्या जागी कोळिष्टकं काढायचे झाडू. गणपती तोंडावर होते. मी दुकानात बसून रडले.

तेव्हा ही व्यवस्था अलकानंच काढली.

"बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या असतात बघ," ती म्हणाली. "एक त्यांच्याकडं, एक आपल्याकडं. दोन्ही लागल्याबिगार उघडत न्हाई. तसं करायचं."

आम्ही दोघींच्या नावानं एक वेगळं खातं काढलं. त्यात खरेदीपुरतेच पैसे टाकायचे, म्हणजे कुणी फसवलं तरी तेवढेच जातील. कार्ड अलकाच्या बटव्यात. फोन नंबर मात्र माझा दिला, म्हणजे आकडा माझ्याकडे येणार. माझ्या आकड्याशिवाय तिला घेता येणार नाही, तिच्या कार्डाशिवाय मला. आणि वर एक नियम: आधी वस्तूचं नाव घ्यायचं, मग आकडा सांगायचा. नाव घेतलं की दोघींनाही एकदा विचार करावा लागतो, खरंच पाहिजे का ही वस्तू.

बँकेतले साहेब फॉर्म घेताना म्हणाले होते, "हा आकडा परक्याला सांगायचा नाही बरं का." आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो होतो. त्यात परकं कोण होतं?

तीन वर्षं ही युक्ती बिनतक्रार चालली. एक पैसा बुडाला नाही. गल्लीतल्या बायकांना मी कौतुकानं सांगायचे, बघा, आमच्या अलकाचं डोकं.

मी सांगते आहे तो हिवाळा नोटाबंदीनंतरचा दुसरा. त्या दिवाळीला मालकांचा फोन आला. मी इस्त्री करत होते म्हणून स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला होता. अलका शेजारी काज करत होती.

"एवढा सिझन बघ," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर जानेवारीत गाळा सोड आन् इकडं ये. चार गडी हाय आम्ही. खानावळीचं खाऊन पोटाची वाट लागली."

"कन्याशाळेचं काम मिळालं तर मी थांबणार," मी म्हणाले. "पन्नासावं वरीस हाय त्यांचं. तीनशे पोरी, दोन दिवस कार्यक्रम. तेवढं मिळालं तर मग दुकान बंद करायचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

मालक शब्दाचे पक्के. मला सेलमला जायचं नव्हतं. एक खोली, वर पत्रा, खाली भट्टी, आणि तोंडातून शब्द काढला तर तो कुणाला कळायचा नाही अशी भाषा. इथं मला हाक मारणारं गाव होतं, माझं नाव लिहिलेली पाटी होती. ती पाटी टिकायची तर कन्याशाळा पाहिजे होती. हे मला जेवढं माहीत होतं तेवढंच अलकालाही. फोन ठेवल्यावर तिनं काजातून सुई बाहेर ओढली आणि म्हणाली, "मिळंल गं. दुसरी ड्रेपरी हाय कुठं विट्यात?"

मग कार्तिक सरला, मार्गशीर्ष लागला आणि अलकाची खरेदी वाढली. दुपारी ती घरी जेवायला गेली की तिथूनच फोन यायचा. वस्तूचं नाव? दाढ्या. वस्तूचं नाव? मिशा, चाळीस. वस्तूचं नाव? काळ्या दाढ्या, छोट्या. मी हातातलं काम न सोडता आकडे वाचायचे. वरचा मजकूर इंग्रजी, बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखा. मी दहावी नापास. अक्षरं लावता येतात, पण शिलाईची घाई असताना कोण लावत बसतं? आकडे तेवढे ठळक यायचे, त्यांच्यावर नजर पडायची आणि तोंड आपोआप चालायचं.

"माल कुठाय?" एकदा मी विचारलं.

"घरी येतोय. दुपारच्याला तू एकटी असतीस, पार्सलवाला आला आन् गिऱ्हाईक टाकून उठलीस तर? सगळं आलं की एकदमच आणते रिक्षानं."

मला तिचं म्हणणं पटलं. तिचं कोणतं म्हणणं मला पटत नव्हतं?

काम पक्कं करून मापंही घ्यावीत म्हणून शनिवारी मी कन्याशाळेत गेले. गळ्यात टेप, पिशवीत मापांची वही. सकाळची शाळा सुटत आली होती, मैदानावर लेझीम चालली होती. गॅदरिंगचं सगळं लोंढे बाई बघायच्या. मला बघून त्या खुर्चीतून उठल्या. मला जरा नवलच वाटलं. एरवी त्या नुसती मान हलवायच्या.

"नंदाताई! या, या. भेटायला आलात, बरं वाटलं. कधी निघणार?"

"कुठं?"

"सेलमला. अलकाताईंनी सांगितलं. आम्हाला फार वाईट वाटलं हो. पण नवऱ्याजवळ राहिलेलं चांगलंच. इतकी वर्षं एकट्या काढलीत."

मी पिशवीत हात घालून वही चाचपत राहिले. "मापं घ्यायची होती," मी म्हणाले.

"मापं?" बाई गोंधळल्या. "मापं तर मंगळवारीच घेऊन गेल्या की त्या. दोन पोरी होत्या बरोबर मदतीला. आगाऊ रक्कमही दिली आम्ही. तुम्हाला माहीत असेलच." त्यांनी टेबलाच्या खणातून एक कार्ड काढलं. "आणि नव्या दुकानाचं आमंत्रण पण दिलंय. कराड नाक्यावर घेतलंय ना? गुरुवारी उद्घाटन. तुम्ही तोवर आहात का?"

कार्ड गुळगुळीत होतं, कोपऱ्यात नाचणारी बाई. 'अलका ड्रेपरी', त्याखाली अलकाचा नंबर.

"आहे की," मी म्हणाले. "उद्घाटन करूनच जाणार."

लाज कुणाची राखत होते कोण जाणे. तिची की माझी.

बाहेर आले तर पाय पुढे टाकवेना. पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसले. समोर पोरी लेझीम खेळत होत्या आणि शिक्षिका शिट्टी वाजवत होती. माझं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. अलका दुकान काढते आहे, ठीक. पण ते उभं कशातून केलं? तिच्या घरचं खातं नवऱ्याच्या मुठीत, त्यानं एवढं कधी करू दिलं नसतं. विट्याच्या बाजारात साधा आरसा घेतला असता तरी तासाभरात मला कळलं असतं. मग सामान आलं कुठून?

मी फोन काढला आणि बँकेचे मेसेज उघडले. एकेक अक्षर लावत, बोटानं ओळ धरून, पहिलीतल्या पोरासारखी वाचायला लागले.

बारा पांढऱ्या दाढ्यांची तारीख मला पक्की आठवत होती, तो टाचण्यांचा दिवस. त्या मेसेजमध्ये दुकानाचं नाव लिहिलं होतं. डी, यू, एम, एम, वाय. डमी. अमुक तमुक डमी अँड हँगर. काचेत उभे करतात ते कपड्यांचे पुतळे.

चाळीस मिशा ज्या दिवशी घेतल्या त्या दिवशी शोकेस. काळ्या दाढ्यांच्या दिवशी आरसे. मी खाली खाली जात राहिले. दिवाळीपासूनच सुरुवात. म्हणजे मालकांचा फोन आला, तिनं काजातून सुई ओढली, मिळंल गं म्हणाली, त्यानंतर अवघ्या तीन दिवसांत. एवढ्या दाढ्या खरंच आल्या असत्या तर विट्यात पाऊल टाकायला जागा उरली नसती, इतके ऋषी झाले असते. आणि मला एकदाही शंका आली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला म्हणावं, तर तसंही नाही. थंडी वाजून आली. एकेक आकडा माझा आवाज होता. ते पुतळे, त्या काचा, ते आरसे, सगळं मीच तोंडानं म्हणून त्या गाळ्यात नेऊन ठेवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अलका.

"नंदे, कुठं हायस? दुकानाला कुलूप दिसलं."

"बाहेर आलीय जरा."

"बरं. आकडा येईल बघ आत्ता. हातोहात सांग, मुदत कमी असती."

मेसेज आला. मी फोन कानावरून काढला आणि या वेळी आकड्यांकडे न बघता पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. एस, आय, जी, एन. साईन. बी, ओ, ए, आर, डी. बोर्ड. दुकानाची पाटी. गुरुवारी वर चढवायची होती ती.

"वस्तूचं नाव?" मी विचारलं.

"दाढ्या."

लेझीम थांबली होती. पोरी पाण्यासाठी टाकीकडे पळत आल्या, मी पाय आखडून घेतले.

"वस्तूचं नाव काय म्हणलीस, अलके?"

"दाढ्या गं. ऐकू येत न्हाई व्हय? कसला गलका हाय तिथं?"

"पोरी हायत. अलके, एकदा नीट सांग. वस्तूचं नाव?"

मला वाटलं, आता सांगेल. रडेल, शिव्या देईल, काहीही करेल, पण खरं नाव घेईल. मी फोन कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

"दाढ्या म्हणलं की तीनदा," ती वैतागून म्हणाली. "बारा. सांग बाई लौकर, वेळ संपतोय."

मेसेजची शेवटची ओळ राहिली होती. तीही लावली. डू नॉट शेअर विथ एनीवन. एवढं इंग्रजी मला येत होतं. कुणालाही सांगू नका. तीन वर्षं, प्रत्येक मेसेजच्या खाली, हीच ओळ असणार. परक्याला, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. तो शब्द साहेबांनी आपल्या मनानं घातला होता, आणि आम्ही हसलो होतो.

"सात," मी म्हणाले.

"हं."

"शून्य."

"हं, पुढं."

मी प्रत्येक आकड्यानंतर थांबत होते. मुद्दाम. थांब, नंदे, म्हणायला तिला जागा ठेवत होते.

"तीन."

"पुढं?"

"तीन."

"अगं, पटापट सांग की. पुढं?"

"एक."

"पुढं?"

"आठ," मी म्हणाले.

"झालं," अलका म्हणाली. "चहा घेतलास का?"

नंतर हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे मला वेड्यात काढतात. आकडा दिलासच का? चुकीचा सांगायचा, फोन बंद करायचा, चार शिव्या हासडायच्या. खरं आहे. पण मी त्या पायरीवर बसून एका माणसाची वाट बघत होते, आणि ते माणूस सहाव्या आकड्यापर्यंत येईल असं मला वाटत होतं.

चार वाजता ती दुकानात आली. हातात कागदात बांधलेली गरम भजी. "घे, दुपारी जेवली नसशील," असं म्हणत तिनं पुडा कापायच्या टेबलावर ठेवला, आणि तिची नजर शेजारच्या कार्डावर गेली. नाचणारी बाई.

ती मशीनच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "लोंढे बाईनं दिलं?"

"व्हय. मी सेलमला निघाले म्हणून वाईट वाटलं त्यांना."

"खात्यात पैसे माझे घालत होते मी," ती एकदम म्हणाली. "आईची मोहनमाळ मोडली. तुझा एक रुपया घेतला न्हाई, पासबुक भरून आण आन् बघ."

"मी रुपयाचं विचारलंय का तुला?"

"मग काय विचारतीस?"

"पाटी घेताना तीनदा विचारलं. तेवढंच विचारलं."

तिचा चेहरा पडला. तोपर्यंत तिला वाटत होतं की मला फक्त कार्ड सापडलं आहे.

"तुला ठाऊक होतं? मग आकडा का दिलास?"

भज्यांच्या कागदावर तेल पसरत चाललं होतं आणि मी ते बघत होते.

"तुझं काय गं," ती आवाज चढवून म्हणाली, "आज न्हाई उद्या तू जाणारच होतीस. मालकांनी बोलावलं की निघालीस. मी काय करायचं? ह्या गाळ्याचं करारपत्र तुझ्या नावावर, गिऱ्हाईक तुला ओळखतं, शाळांच्या बाया तुला हाका मारत्यात. मी नुसती मान खाली घालून शिवत बसले आठ वर्षं. तू गेल्यावर मला कुणी उभं केलं असतं? दारात तरी?"

"कन्याशाळा मिळाली असती तर मी जाणार नव्हते. तुझ्यासमोर बोलले होते मालकांशी."

"असतं बोलायला. बाईमाणसाचं काय खरं? नवरा म्हणला चल की चल."

"आन् गेले असते तर," मी म्हणाले, "तर हे सगळं तुझ्याच हातात देऊन गेले असते, अलके. गाळा, पाटी, शाळा. दुसरं कोण होतं मला?"

"ते मला कसं कळणार?"

"विचारायचं."

तिनं डोळ्याला पदर लावला. मला तिची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. उठताना तिनं बटवा काढला, त्यातलं आमचं कार्ड काढून भज्यांच्या पुड्याशेजारी ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली. मशीनवर मावळ्याचा अंगरखा तसाच अर्धा शिवून राहिला होता. तो मी पुरा केला. मला शिवण तिच्यासारखी येत नाही, कुशीत चुण्या आल्या.

आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे होत्या. त्यांनी उघडायचं असं काही राहिलं नव्हतं.

कन्याशाळेच्या मागोमाग बाकीच्या शाळाही कराड नाक्याला गेल्या. नवं दुकान, काचेत पुतळे, कोण जाणार नाही? मी बोलले असते, शाळाशाळांत जाऊन सांगितलं असतं, तर दोन-चार राहिल्या असत्या. पण सांगायचं काय? तिनं चोरी केली नव्हती. फसवणूक म्हणावं तर आकडे मी दिले होते. जानेवारीत मालक आले, गाळ्याची चावी गाळेवाल्याला परत दिली, कपडे एका नाटकमंडळीला विकले. आमची पाटी मी उतरवून घेतली तेव्हा तिच्या मागे चिमणीचं घरटं निघालं. रिकामंच होतं.

सेलमला साडेचार वर्षं काढली. चार माणसांचं दोन वेळचं रांधलं. भाषा आली, मैत्रिणी झाल्या नाहीत. म्हणजे, मी होऊ दिल्या नाहीत. शेजारची बाई भाजी आणून द्यायची तर मी आधी पैसे तिच्या हातावर ठेवायचे आणि मगच पिशवी घ्यायचे. ती हसायची. मालकांचा फोन माझ्यापाशी असायचा, त्यांचे आकडे यायचे, ते कामावरून दुसऱ्याच्या फोनवरनं विचारायचे, आणि मी म्हणायचे, घरी या आणि स्वतः बघा. ते चिडायचे. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या नवऱ्याला मी आकडा सांगत नव्हते. हे अलकानं माझं केलं.

मालकांना दम्यानं गाठलं तेव्हा आम्ही विट्याला परतलो. आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी कराड नाक्यावरून येत होते. रस्त्याच्या पलीकडे ती पाटी. ऊन-पावसानं रंग उतरला होता, 'ड्रेपरी'तला 'ड्रे' पुसट झाला होता, पण खाली बारीक अक्षरांत 'दाढी-मिशा, टोप, मुकुट मिळतील' हे नीट वाचता येत होतं.

गोष्टी विसरायचं माझं वय झालं आहे. आधार कार्डाचा नंबर मला पाठ नाही, मालकांचा फोन नंबरही बघून लावते. पण ती पाटी दिसली आणि सहाच्या सहा आकडे ओठांवर आले. आकडा दहा मिनिटांत बाद होतो म्हणतात.

"नंदे?"

अलका दुकानातून बाहेर आली होती. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. रस्ता ओलांडून ती माझ्याकडे आली आणि तिनं माझा हात धरला.

"कवा आलीस गं? ये की आत. चहा घे. किती वर्षांनी! मी आठवण काढते बघ तुझी, ह्यांना विचार."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूहळू, एकेक करून, म्हणाले, "सात. शून्य. तीन. तीन. एक. आठ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. काही ओळख पटते का, याची मी वाट बघितली. आपल्या डोक्यावर लटकलेली पाटी कोणत्या आकड्यानं उभी राहिली, हे एखाद्या माणसाला आठवत असावं असं मला वाटलं.

"फोन बदललास व्हय?" अलका म्हणाली. तिनं ब्लाउजमधून आपला फोन काढला, चष्मा वर केला आणि बोट उचलून तयार राहिली. "थांब, घालून घेते. सात, शून्य, तीन, तीन, एक, आठ. हं, पुढं?"

"पुढं काही न्हाई," मी म्हणाले, आणि हात सोडवून घेतला.